कोणतं बटण चालणार? निवडीच्या वायरिंगची ओळख

वाशीम जिल्ह्यात रब्बीच्या दिवसांत एखाद्या ओलिताच्या शेतावर गेलं, तर विहिरीजवळच्या खांबावर किंवा पत्र्याच्या खोपीत स्टार्टरची लोखंडी पेटी दिसते. पेटीवर दोन बटणं असतात. हिरवं दाबलं की मोटर सुरू, लाल दाबलं की बंद. गेल्या काही वर्षांत यातल्या बऱ्याच पेट्यांवर तिसरी एक वस्तू आली आहे: बाजूच्या पत्र्याला भोक पाडून बसवलेला, बोटाच्या पेराएवढ्या दांडीचा खटका. दांडी एका बाजूला असली की पेटीवरचं हिरवं बटण चालतं. दुसऱ्या बाजूला केली की घरून, मोबाइलवरून दिलेला हुकूम चालतो. कंपनीने पेटी बनवली तेव्हा हा खटका त्यात नव्हता. तो गावातल्या वायरमनने बसवला, आणि तो कसा बसवावा हे सांगणारं मराठी पुस्तक त्या वायरमनच्या हाती कधी आलं नव्हतं.

ती उणीव भरून काढण्याचा हा प्रयत्न आहे. मात्र पुस्तकाची सुरुवात विहिरीवर होत नाही. ती टेबलावर होते, पाच व्होल्टवर. व्हिडिओ गेमच्या यंत्रावर असतात तशी दोन मोठी रंगीत बटणं, तीन पायांचा एक टॉगल स्विच, थोडी वायर आणि एक दिवा एवढंच सामान. टॉगल डावीकडे असेल तर फक्त लाल बटण चालावं, उजवीकडे असेल तर फक्त निळं. काम अर्ध्या तासाचं आहे. पण त्यासाठी कागदावर काढलेली आकृती आणि विहिरीवरच्या पेटीतली आकृती यांचा गाभा एकच आहे. टेबलावर चूक झाली तर दिवा लागत नाही. पेटीत चूक झाली तर मोटर जळते किंवा माणूस जातो. म्हणून चुका टेबलावर करून घ्याव्यात.

बटणं जोडण्याच्या मूळ तऱ्हा फार नाहीत. दोन बटणं एकामागून एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडली, तर दोन्ही दाबल्याशिवाय काम होत नाही. पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर कामगाराचे दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून असं करतात. दोन बटणं पॅरलल जोडली तर कोणतंही एक पुरतं. घराची बेल पुढच्या आणि मागच्या दोन्ही दारांवरून वाजते ती अशी. तिसरी तऱ्हा निवडीची: दोन्ही बटणं जागेवर आहेत, दोन्ही दाबता येतात, पण चालेल एकच, आणि कोणतं ते आधीच ठरलेलं असेल. पहिल्या दोन तऱ्हा शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात येतात. तिसरी सहसा येत नाही, आणि घरात, शेतात, कारखान्यात माणसाला सगळ्यात जास्त गरज तिचीच पडते.

निवड करणाऱ्या खटक्याला तीन पाय असतात. मधला पाय कॉमन. दांडी हलवली की मधला पाय एका बाजूच्या पायाला सोडतो आणि दुसऱ्या बाजूच्या पायाला धरतो. आधी सोडतो आणि मग धरतो, हा क्रम महत्त्वाचा आहे, त्यामुळे तिन्ही एका क्षणासाठीही एकत्र येत नाहीत. येणारी वायर मधल्या पायाला लावायची, बाजूच्या एका पायापासून लाल बटणाला जायचं, दुसऱ्या पायापासून निळ्या बटणाला. दोन्ही बटणांची उरलेली टोकं एकमेकांना जोडून तिथून एकच वायर पुढे न्यायची. संपली जोडणी.

इथे एक बारकावा आहे आणि नवशिका हमखास त्यात अडकतो. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक छोट्या टॉगलमध्ये दांडी वर केली की आतली जोडणी खालच्या पायाशी होते. दांडी मध्ये टेकलेली असते आणि बाहेरचं टोक जिकडे जातं त्याच्या उलट दिशेला आतलं टोक जातं, म्हणून असं घडतं. पोराने पाटीवर वरच्या बाजूला ‘लाल’ लिहिलेलं असतं आणि निळं बटण चालू लागतं. मग तो सगळ्या वायरी उपसतो, बटणं बदलतो, दुकानदाराला दोष देतो. मल्टिमीटर बीपवर ठेवून मधला पाय आणि बाजूचा पाय तपासला असता तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. वायर लावण्याआधी खटका रिकामाच तपासून पायांवर खुणा कराव्यात, असा या पुस्तकाचा आग्रह आहे, आणि तो योग्य आहे.

या विद्येचा इतिहास विजेच्या दिव्याइतकाच जुना. सुरुवातीचे खटके हळू उघडत, संपर्क तुटताना ठिणगी लांबत जाई आणि धातू जळून जाई. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स यांनी १८८४ मध्ये स्प्रिंगच्या जोरावर झटक्यात तुटणारा खटका केला. आज घराच्या भिंतीवर जो ‘खट्’ असा आवाज येतो तो त्या झटक्याचा. दांडी कितीही सावकाश हलवा, आतला संपर्क आपल्याच वेगाने उडी मारतो. १९३० च्या दशकात अमेरिकेत पीटर मॅकगॉल यांनी हीच कल्पना नखाएवढ्या जागेत आणली आणि मायक्रोस्विच तयार झाला. गेमच्या बटणाखाली टिकटिकतो तो हाच. लिफ्टच्या दारात, पिठाच्या गिरणीच्या झाकणात आणि मायक्रोवेव्हच्या दाराआडही तोच सापडतो.

निवडीचं शास्त्र मात्र आधी रेल्वेने घडवलं. दोन गाड्या एकाच रुळावर येऊ नयेत म्हणून सांधा आणि सिग्नल यांची सांगड घालणारी रचना जॉन सॅक्सबी यांनी १८५६ मध्ये पेटंट केली. त्यातून इंटरलॉकिंग वाढलं: एक दांडा ओढला की विरोधी दांडा आपोआप अडकून पडतो. आपल्याकडच्या पॅनेल इंटरलॉकिंगच्या स्टेशनवर मार्ग लावायचा तर स्टेशनमास्तरला सिग्नलचं बटण आणि मार्गाचं बटण अशी दोन बटणं एकदम दाबावी लागतात. एक चुकून दाबलं गेलं तर काहीच घडत नाही. अकोला–पूर्णा मार्गावर वाशीमहून रोज प्रवास करणाऱ्यांचा जीव अशाच रिलेंच्या आणि बटणांच्या शिस्तीवर सुरक्षित असतो.

रिले, म्हणजे विजेने ओढले जाणारे खटके, आणि हाताचे खटके यांची ही जाळी वाढत गेली तशी ती डोक्यात मावेनाशी झाली. जपानमध्ये अकिरा नाकाशिमा आणि अमेरिकेत क्लॉड शॅनन यांनी १९३० च्या दशकात, एकमेकांपासून दूर राहून, तिचं गणित मांडलं. शॅनन यांचा १९३७ चा प्रबंध एमआयटीतल्या पदव्युत्तर पदवीसाठी होता. जॉर्ज बूल यांनी १८५४ मध्ये विचारांच्या नियमांसाठी मांडलेलं बीजगणित खटक्यांच्या सर्किटला जसंच्या तसं लागू पडतं, हे त्यांनी त्यात दाखवलं. संगणकाचा सगळा डोलारा पुढे त्यावर उभा राहिला. दोन बटणं आणि एक टॉगल या आकृतीला संगणकशास्त्रात मल्टिप्लेक्सर म्हणतात. मोबाइलच्या चिपमध्ये अशा निवडी अगणित असतात, पण प्रत्येकीचा अर्थ टेबलावरच्या त्या खटक्याइतकाच साधा आहे.

आपल्याकडे ही विद्या आयटीआयच्या वर्गातून आली. इलेक्ट्रिशियन आणि वायरमन या दोन्ही ट्रेडमध्ये जिन्याचं वायरिंग आणि गोडाऊनचं वायरिंग शिकवतात. जिन्याच्या वायरिंगमध्ये दोन टू-वे स्विच असतात आणि दिवा खालून लावून वरून विझवता येतो. गोडाऊनचं वायरिंग त्याहून हुशार आहे. माणूस गोदामात पुढे जाताना एकेक टू-वे स्विच दाबतो, तसा पुढचा दिवा लागतो आणि मागचा विझतो. परत येताना उलट. एका वेळी एकच दिवा. सोयाबीन आणि तुरीच्या थप्प्यांनी भरलेल्या बाजार समितीच्या गोदामात हे वायरिंग डोळ्यांनी पाहिलं की निवडीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. वाईट एवढंच, की परीक्षेत ही आकृती पाठ करून काढली जाते आणि नंतर विसरली जाते. हाच टू-वे स्विच दोन दिव्यांऐवजी दोन बटणांमधून निवड करू शकतो, हे शिकवणारा शिक्षक ज्याला भेटला तो नशीबवान.

आज या क्षेत्रात ढोबळमानाने तीन घराणी आहेत.

पहिलं मिस्त्रींचं. त्यांची भाषा फेज, न्यूट्रल, लूप, कॉमन अशी. आकृती डोक्यात, टेस्टर खिशात. हात पक्का, अनुभव दांडगा, पण लिहून ठेवलेलं काही नाही. पेटी उघडल्यावर आत चार रंगांच्या वायरी आणि एकही खूण नाही, अशी अवस्था या घराण्यामुळे होते. मिस्त्री गाव सोडून गेला की त्याच्या मागे ती पेटी कोणालाच कळत नाही.

दुसरं घराणं कंट्रोल वायरिंगचं. कारखाने, पाणीपुरवठा योजना, रेल्वे इथलं. त्यांची आकृती शिडीसारखी असते, प्रत्येक वायरीला नंबर असतो, आणि पॅनेलवर ‘लोकल–रिमोट’ असं लिहिलेला सिलेक्टर असतो. पॅनेलवरचं बटण चालवायचं की दूरच्या कंट्रोल रूममधलं, ते हा सिलेक्टर ठरवतो. दुरुस्तीला बसलेला माणूस सिलेक्टर लोकलवर ठेवतो, म्हणजे त्याचा हात मोटरीत असताना दुसरा कोणी दुरून ती सुरू करू शकत नाही. शेतातल्या पेटीवर वायरमनने बसवलेला खटका हा याच सिलेक्टरचा भाऊ आहे.

तिसरं घराणं इलेक्ट्रॉनिक्सचं आणि प्रोग्रामिंगचं. त्यांच्याकडे बटण मोटर चालवत नाही, फक्त निरोप देतं. निरोप घेणारी छोटी चिप असते. टॉगलची एक वायर, दोन बटणांच्या दोन वायरी अशा तिन्ही चिपला द्यायच्या आणि कोणतं बटण मानायचं ते प्रोग्रामच्या दोन ओळींत लिहायचं. उद्या नियम बदलला तर वायर हलवायची गरज नाही, ओळ बदलायची. या घराण्याचे स्वतःचे बारकावे आहेत. बटण दाबल्यावर आतली पत्री काही मिलिसेकंद थरथरते आणि चिपला एकाऐवजी चार-पाच दाब दिसतात, म्हणून क्षणभर थांबून पुन्हा वाचावं लागतं. मोकळी सोडलेली वायर हवेतला गोंगाट पकडते, म्हणून तिला पुल-अप रेझिस्टरने बांधून ठेवावं लागतं.

कोणतं घराणं बरं, हा वाद जुना आहे. या पुस्तकाने त्यात बाजू घेतली आहे. गेमच्या यंत्रात, खेळण्यात, घरच्या दिव्यांत निवड प्रोग्रामने केली तरी चालेल, उलट तीच सोयीची. पण जिथे मोटर, पंखा, पातं, पट्टा फिरतो तिथे बंद करणारं बटण वायरीतच असलं पाहिजे. चिप अडकली, प्रोग्राम थांबला, सिमकार्डचा रिचार्ज संपला, तरी लाल बटण चाललंच पाहिजे. त्याहून पुढची गोष्ट अशी, की निवडीचा खटका फक्त सुरू करणाऱ्या बटणांमध्ये लावायचा. बंद करणारी सगळी बटणं एकामागून एक, सिरीजमध्ये, खटक्याच्या बाहेर ठेवायची. निवड घरच्या बाजूला असताना विहिरीवर उभ्या असलेल्या माणसाने लाल बटण दाबलं आणि मोटर थांबली नाही, अशी जोडणी कोणत्याही कारणाने कोणीही करू नये. या एका नियमासाठी हे पुस्तक लिहिलं गेलं आहे, असं म्हटलं तरी चालेल.

स्टार्टरच्या पोटात डोकावलं तर हा नियम कुठे बसतो ते दिसतं. साध्या डायरेक्ट ऑन लाइन स्टार्टरमध्ये एक कॉइल असते. तिला वीज मिळाली की ती तीन फेजचे संपर्क ओढून धरते आणि मोटर फिरते. हिरवं बटण कॉइलला क्षणभर वीज देतं. बोट उचललं तरी मोटर चालू राहते, कारण कॉइलने ओढलेला एक जादा संपर्क हिरव्या बटणाला पॅरलल बसतो आणि कॉइलचा रस्ता धरून ठेवतो. याला होल्डिंग म्हणतात. लाल बटण तो रस्ता तोडतं. लाइट गेली की कॉइल आपोआप सुटते, आणि लाइट परत आली तरी कोणीतरी हिरवं बटण दाबेपर्यंत मोटर सुरू होत नाही. हे शेवटचं वैशिष्ट्य मुद्दाम ठेवलेलं संरक्षण आहे.

आता निवडीचा खटका घाला. होल्डिंगचा संपर्क खटक्याच्या पुढे, एखाद्याच बटणाला पॅरलल लावला, तर मोटर चालू असताना कोणी दांडी फिरवली की रस्ता तुटतो आणि मोटर थांबते. होल्डिंग खटका आणि दोन्ही बटणं यांना वळसा घालून लावलं, तर दांडी कितीदाही फिरवा, चालू मोटर चालूच राहते. निवड फक्त पुढच्या सुरुवातीला लागू होते. फरक एका वायरीच्या जागेचा आहे.

याच पेटीतून आपल्या भागातला सर्वात मोठा, वर्षानुवर्षांचा प्रश्न निघाला: ऑटो स्विच. शेतीला थ्री फेज वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते. रात्री दोन वाजता लाइट आली तर शेतात कोण जाणार? थंडी, साप, रानडुकरं. म्हणून शेतकऱ्यांनी स्टार्टरला ‘ऑटो’ बसवला. लाइट आली की मोटर आपली आपण सुरू. सोय मोठी होती आणि तिच्यामागची गरज खरी होती. पण परिणाम डीपीवर, म्हणजे रोहित्रावर झाला. ६३ केव्हीएच्या रोहित्राचा पूर्ण भाराचा प्रवाह साधारण ८४ अँपिअर असतो. पाच अश्वशक्तीच्या दहा मोटरी त्यावर चालल्या तर प्रत्येकी साडेसात अँपिअर धरून ७५ अँपिअर होतात, म्हणजे जमतं. पण मोटर सुरू होताना क्षणभर सहापट प्रवाह ओढते. दहाही मोटरी ऑटोवर असतील तर लाइट येताच ४५० अँपिअरची मागणी एकदम उभी राहते. दाब कोसळतो, मोटरी गुरगुरत अडखळतात, फ्यूज उडतात, आणि असं रोज होत राहिलं तर डीपी जळते. नवी डीपी येईपर्यंत हरभरा वाळतो. ऑटो स्विच काढा आणि कॅपॅसिटर बसवा, असं आवाहन महावितरण दर रब्बीत करतं ते यासाठी.

ऑटोला नुसतं ‘वाईट’ म्हणून हे पुस्तक मोकळं होत नाही, आणि ही त्याची जमेची बाजू आहे. रात्री शेतात जाणाऱ्या माणसाची अडचण मान्य करूनच मार्ग शोधावा लागतो. प्रत्येक मोटरला वेगवेगळा उशीर देणारा टायमर लावला तर सगळ्या एकदम सुरू होत नाहीत. मोबाइलवरून चालणारा स्टार्टर हा दुसरा मार्ग. पुण्याचे संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ हे उपकरण याच गरजेतून घडवलं. शेतकऱ्याने फोन लावायचा, लाइट आहे की नाही ते कळून घ्यायचं आणि घरूनच मोटर सुरू किंवा बंद करायची. ऑटोमध्ये लाइट ठरवते, मोबाइल स्टार्टरमध्ये माणूस ठरवतो, हा त्यातला मोठा फरक. आणि मोबाइल स्टार्टर आला की पेटीवरचं बटण आणि हातातला फोन यांच्यात निवड करणारा खटकाही आला.

व्हिडिओ गेमच्या यंत्रांकडे वळावं तर तिथेही हाच प्रश्न वेगळ्या वेशात दिसतो. १९७९ च्या ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’ला दांडीच नव्हती, पाच बटणांवर सगळा खेळ. पुढे यंत्रांच्या वायरिंगला एकच मापदंड असावा म्हणून जपानमध्ये १९८५ मध्ये ‘जामा’ नावाची जोडणी ठरली. एक गेम काढून दुसरा लावला तरी वायरी बदलायला नकोत. पण १९९१ मध्ये ‘स्ट्रीट फायटर २’ सहा बटणं घेऊन आला आणि ठरलेल्या जोडणीत ती मावेनात. मग लाथांच्या तीन बटणांसाठी वेगळा वायरींचा जुडगा द्यावा लागला. आज हौशी लोक जुनी यंत्रं घरी बांधतात तेव्हा एका गेमला बटण इथे हवं, दुसऱ्याला तिथे, एक खेळणारा डावखुरा, एक उजवा, असे पेच येतात आणि पॅनेलच्या खाली एक टॉगल बसतो.

ही बटणं शिकवायला फार चांगली आहेत, म्हणून पुस्तकाने ती घेतली. ३० मिलिमीटरचं बटण लहान मुलाच्याही तळव्याला सापडतं, दाबल्याचा स्पर्श कळतो, खालचा मायक्रोस्विच सुटा करून पाहता येतो. जपानी धाटणीच्या बटणांना २.८ मिलिमीटरचे पाय असतात, अमेरिकी धाटणीच्या बटणांना सहसा ४.८ मिलिमीटरचे. लग त्या मापाचे घेतले नाहीत तर ते सैल बसतात आणि खेळताना निसटतात. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हा माल मिळतो, आणि आता कुरिअरने कारंजा-रिसोडलाही येतो. दिवा असलेली बटणं घेतली तर आणखी एक सुंदर काम करता येतं. तीनऐवजी सहा पायांचा टॉगल घ्यायचा. त्यात एकाच दांडीवर दोन वेगळे खटके असतात. एका खटक्याने बटण निवडायचं, दुसऱ्याने त्याच बटणाचा दिवा लावायचा. मग जे बटण चालू आहे तेच उजळतं आणि दुसरं अंधारात राहतं. पेटी उघडून बघायची गरज नाही, विचारायचीही नाही. विहिरीवरच्या खटक्याशेजारी असा एक छोटा दिवा लावण्याचा खर्च नगण्य आहे. तरी तो क्वचितच लावलेला दिसतो, ही खरोखर खेदाची गोष्ट आहे.

दिव्यांग मुलांसाठी तर हे वायरिंग थेट उपयोगाचं आहे. ज्याला बोटं चालवता येत नाहीत, तो कोपराने किंवा टाचेने मोठं बटण दाबू शकतो. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये ‘एक्सबॉक्स अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर’ बाजारात आणला, त्याला बाहेरून अशी बटणं जोडता येतात. एक बटण उजव्या हाताजवळ, दुसरं डाव्या पायाजवळ, आणि आज कोणतं अंग साथ देतं त्याप्रमाणे खटका फिरवायचा. हे गावातला वायरमनही करून देऊ शकतो. फक्त त्याला कोणीतरी सांगायला हवं.

हे सगळं आत्ताच का? वाशीम जिल्हा १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झाला, आणि नीती आयोगाच्या २०१८ च्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातल्या नंदुरबार, गडचिरोली आणि तेव्हाच्या उस्मानाबाद या जिल्ह्यांबरोबर त्याचं नाव आलं. मोठे कारखाने इथे नाहीत. पण विजेची गुंतागुंत कमी नाही, उलट ती वाढते आहे. पैनगंगेवर बॅरेज झाले, ओलीत वाढलं, मोटरी वाढल्या. एकाच शेतकऱ्याकडे विहीर आणि बोअर दोन्ही आहेत, कनेक्शन एक. सौर पंपांच्या योजना आल्या. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीतून दिवसा वीज देण्याचं काम सुरू आहे. घरात इन्व्हर्टर, लग्नात जनरेटर. प्रत्येक ठिकाणी प्रश्न तोच: दोनांपैकी कोणाचं चालणार, आणि ते ठरवणारा खटका कुठे आहे?

या प्रश्नाचं उत्तर चुकलं की सर्वात आधी लाइनमनचा जीव धोक्यात येतो. लाइन बंद करून तो खांबावर चढतो. खाली कोणीतरी चेंजओव्हर, म्हणजे दोन पुरवठ्यांपैकी एकच जोडणारा खटका, न लावता जनरेटर घराच्या वायरिंगला जोडलेला असतो. ती वीज उलटी सर्व्हिस वायरने डीपीपर्यंत जाते, आणि डीपी तिला दाब वाढवून ११ हजार व्होल्टच्या लाइनवर चढवते. म्हणून दोन पुरवठ्यांच्या मध्ये चेंजओव्हरच हवा, आणि तोही मध्ये ‘बंद’ची जागा असलेला. टेबलावर दोन जागांचा टॉगल आणि मध्ये बंद असलेला तीन जागांचा टॉगल असे दोन्ही हाताळले की हा फरक बोटांना समजतो. दुकानात ते एमटीएस-१०२ आणि एमटीएस-१०३ या नंबरांनी मिळतात आणि दिसायला अगदी सारखे असतात.

शाळांमध्येही आता जागा तयार आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल इनोव्हेशन मिशनमधून निवडलेल्या शाळांना सहावी ते बारावीच्या मुलांसाठी टिंकरिंग लॅब मिळते, वीस लाख रुपयांपर्यंत अनुदानासह. त्यात बोर्ड असतात, सेन्सर असतात, थ्री-डी प्रिंटर असतो. मुलं किटमधला रोबो जोडून दाखवतात आणि प्रदर्शन संपतं. त्या मुलांच्या वडिलांच्या शेतातली पेटी तशीच बंद राहते. लॅब आणि पेटी यांच्यामधलं अंतर या पुस्तकाला कमी करायचं आहे.

त्यासाठी त्याने मांडणी अशी ठेवली आहे की आकृती आधी टेबलावर, मग लाकडी फळीवर चोवीस व्होल्टच्या रिलेसह, आणि शेवटी स्टार्टरच्या पेटीत वाचायला मिळते. वाचायला, असं मुद्दाम म्हटलं आहे. ४१५ व्होल्टच्या पेटीत हात घालण्याचं काम परवानाधारक वायरमनचं, आणि तेही पुरवठा बंद करून, टेस्टरने तपासून. मुलाने आकृती वाचून वडिलांना सांगावं की इथे होल्डिंग चुकीच्या जागी आहे, एवढी तयारी पुस्तक करून देतं. मिस्त्रींनी वायरींना नंबर घालावेत आणि पेटीच्या झाकणाला आतून आकृती चिकटवावी, यासाठी नमुन्याचे कोरे तक्ते दिले आहेत. शब्द दुकानात आणि साइटवर बोलतात तेच ठेवले आहेत: कॉमन, लूप, होल्डिंग, ट्रिप. त्यांच्या जागी जड शब्द बसवले असते तर ज्याच्यासाठी पुस्तक आहे तोच बाहेर राहिला असता.

काही गोष्टी पुस्तकाने सोडून दिल्या आहेत. स्टार-डेल्टा स्टार्टर, सौर पंपाच्या कंट्रोलरची आतली रचना, इंटरनेटवरून चालणारी उपकरणं यांना स्वतंत्र पुस्तकं लागतील. प्रोग्रामिंगही गरजेपुरतंच आहे. ज्या शाळेत लॅब नाही तिथल्या शिक्षकाने बिचकू नये. सुरुवातीच्या सगळ्या प्रयोगांना बोर्ड लागत नाही. तीन सेल, एक टॉर्चचा बल्ब, दोन बटणं आणि एक टू-वे स्विच तालुक्याच्या कोणत्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळतात. पहिला प्रयोग जमला की मुलांना लगेच दुसरा द्यावा: आणखी एक बटण असं जोडा की खटका कुठेही असो, ते दाबलं की दिवा विझलाच पाहिजे.